पाव मिलिव्होल्टचा प्रवास

माझी मामेबहीण सांगलीत प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलांसाठी गोष्टी आणि कविता स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा तिचा उपक्रम दोन वर्षं चालू आहे. आजवर सगळं फोनवरच भागत होतं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिने बरा माइक घ्यायचं ठरवलं आणि दुकान गाठलं. तिथे तिला ऐकवलं गेलं, की यूएसबी माइक म्हणजे खेळणं; खरा आवाज हवा असेल तर तीन पिनांच्या जोडणीचा एक्सएलआरच घ्या. म्हणजे माइक, वर इंटरफेस नावाची पेटी, केबल आणि स्टँड. खर्च ठरवल्याच्या दुप्पट. संध्याकाळी तिचा फोन आला, "दादा, दोन्हींत आवाज माझाच जाणार ना? मग त्या तीन पिनांत एवढं काय आहे?"

प्रश्न मला इतका आवडला, की फोनवर उत्तर पुरं झालं नाही.

यूएसबी आणि एक्सएलआर ही माइकच्या जातींची नावं नाहीत, इथून सुरुवात करू. ती फक्त जोडणीची नावं आहेत. माइकची जात ठरते ती आतल्या पडद्यावरून. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. आवाजाने पडदा थरथरला की वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि शाळेत शिकलेल्या फॅरेडेच्या नियमाप्रमाणे त्यात वीज निर्माण होते. कंडेन्सर माइकमध्ये पडदा हीच कपॅसिटरची एक पट्टी असते. ती मागेपुढे झाली की धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलते आणि त्या बदलातून आवाजाची वीज मिळते. या दोन्ही जाती दोन्ही जोडण्यांत मिळतात. काही माइकना तर दोन्ही जोडण्या असतात. शुअरचा २०२० साली आलेला एमव्ही७ किंवा सॅमसनचा क्यू२यू उचलून पाहा: पडदा एक, खोकं एक, मागे तोंडं दोन.

मग फरक कुठे पडतो? आवाजाचे आकडे, म्हणजे संगणकाला कळणारी मोजमापं, कुठे होतात, त्यात. यूएसबी माइकमध्ये पडद्यापासून काही सेंटिमीटरवर, माइकच्या पोटातच आवाज वाढवणारा अँप्लिफायर आणि त्याचे आकडे करणारी चिप बसवलेली असते. बाहेर पडतात ते आकडे. एक्सएलआर माइकमधून मात्र पडद्यावर जन्मलेली वीज आकडे न होताच बाहेर येते, केबलमधून प्रवास करते आणि इंटरफेसमध्ये पोचल्यावर वाढवली जाते, मोजली जाते. आता हा प्रवास करणारी वीज असते तरी केवढी?

मंडपात, कीर्तनात, सभेत हमखास दिसणारा जाळीच्या गोल डोक्याचा शुअर एसएम५८ घेऊ. तो १९६६ पासून बनतो आहे. एक पास्कल दाब पडला तर तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. आपलं साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतं. १५ सेंटिमीटरवर ते सुमारे ७६ होतं, म्हणजे ०.१३ पास्कल. गुणाकार केला की हाती येतो जेमतेम पाव मिलिव्होल्ट. भिंतीतून २३० व्होल्ट धावतायत, म्हणजे या आवाजाच्या नऊ लाख पट! त्या भिंतीशेजारून, फ्रिजच्या मागून, मिक्सरच्या मोटरजवळून हा पाव मिलिव्होल्ट न मळता न्यायचा आहे. मुंबईतल्या लोकलच्या गर्दीतून हातावर रांगोळीची चिमूट नेण्यासारखं हे काम आहे, आणि एक्सएलआरची केबल ते शंभर मीटरपर्यंत सहज करते. ते कसं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

केबलमध्ये तीन वाटा असतात. पहिली पिन बाहेरच्या जाळीची, म्हणजे ढालीची. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर दोन तारा, एकमेकींना वेणीसारखा पीळ दिलेल्या. पलीकडचा अँप्लिफायर या दोन तारांवर किती व्होल्ट आहेत ते पाहतच नाही. तो फक्त त्यांच्यातला फरक पाहतो.

भाजीवालीचा तराजू डोळ्यांपुढे आणा. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात भेंडी, आणि वरून पाऊस सुरू झाला. दोन्ही पारड्यांत सारखंच पाणी साठलं, तर काटा तसूभरही हलत नाही. घरातल्या विजेमुळे तारांवर बाहेरून चढणारी ५० हर्ट्झची घरघर म्हणजे हा पाऊस. समजा आवाजामुळे एका तारेवर +१ आणि दुसरीवर −१ आहे. वरून दोन्हींवर ३ इतकी घरघर चढली. तारांवर झाले ४ आणि २. वजाबाकी केली की उरले २. ते मूळ आवाजाचे आहेत, घरघर गेली.

पीळ कशासाठी? दोन तारा नुसत्या शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात एक लांबट फट राहते, आणि फॅरेडेचाच नियम इथे उलटतो: बदलतं चुंबकीय क्षेत्र त्या फटीतून गेलं की तारांत नको असलेली वीज येते. पीळ दिला की फट लहान लहान होते, शिवाय प्रत्येक वेढ्यागणिक तारांच्या जागा बदलतात, त्यामुळे एका वेढ्यातली वीज पुढच्या वेढ्यातल्या विजेला खोडते. ही कल्पना टेलिफोनच्या तारांसाठी निघाली आणि तिचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये घेतलं. आपल्या टेबलावरच्या केबलला एवढा जुना वारसा आहे.

आता एक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितली जाते. घरघर जाते ती दुसऱ्या तारेवर आवाजाची उलटी प्रत असते म्हणून, असं समजलं जातं. वरचंच उदाहरण पुन्हा करून पाहा. दुसऱ्या तारेवर आवाज मुळीच नाही, शून्य आहे. घरघर चढली: पहिलीवर १ अधिक ३ म्हणजे ४, दुसरीवर ३. वजाबाकी १. घरघर इथेही गेलीच! काही माइक खरोखर असेच बनवलेले असतात. एकाच तारेवर आवाज. म्हणजे खरी किल्ली उलट्या प्रतीत नाही, तर दोन्ही तारांवर घरघर सारखीच चढण्यात आहे. आणि ती सारखी चढायला दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला रोध सारखा हवा, माइकच्या टोकाला आणि अँप्लिफायरच्या टोकालाही. बारावीला मीटर ब्रिजवर व्हीटस्टनचा सेतू जुळवून गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणला असेल, तर हे तेच आहे. चार भुजा: दोन माइककडच्या, दोन अँप्लिफायरकडच्या. डावीकडचं गुणोत्तर उजवीकडच्या गुणोत्तराइतकं असेल, तर घरघर कितीही मोठी असो, मधल्या काट्याला ती दिसत नाही. भुजा किंचित विजोड झाल्या, एखादा सांधा गंजला, की सेतू ढळतो आणि घरघर डोकं वर काढते. ज्यांना ब्रिज आठवत नसेल त्यांनी तराजूवर थांबलं तरी चालेल. एक पारडं भोकाचं निघालं तर पाऊस दोन्हीकडे सारखा साठणार नाही, एवढंच ध्यानात ठेवायचं.

याच समतोलावर आणखी एक सुंदर युक्ती उभी आहे. कंडेन्सर माइकला चालायला बाहेरून वीज लागते. ती त्याच दोन तारांवरून पाठवतात: दोन्हींवर सारखेच ४८ व्होल्ट. फरक शून्य, म्हणून आवाजाला त्याचा पत्ताही लागत नाही. ४८ हाच आकडा का? १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी असा माइक तयार केला, आणि तिथल्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. याला फँटम पॉवर म्हणतात. नावात भूत असल्यामुळे की काय, त्याभोवती भीतीही जमली आहे: चुकून बटण दाबलं तर डायनॅमिक माइक जळेल, म्हणून लोक त्याला हात लावायला घाबरतात. धड केबल असेल तर डायनॅमिक माइकच्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखेच ४८ व्होल्ट मिळतात, फरक नाही, म्हणून प्रवाह नाही, म्हणून जळणंही नाही. जपायचं ते जुन्या रिबन (म्हणजे पडद्याऐवजी धातूची पातळ पट्टी असलेल्या) माइकना, आणि तेही केबल चुकीची जोडलेली असेल तर.

एक्सएलआरच्या जोडणीला आपल्याकडचे साउंडवाले अजून 'कॅनन' म्हणतात. ते नाव तोफेवरून आलेलं नाही. ही जोडणी लॉस एंजेलिसमधल्या जेम्स कॅनन यांच्या कारखान्यातून निघाली.

एवढं ऐकून बहीण म्हणाली, "म्हणजे दुकानदार बरोबरच होता!" नाही. ही सगळी करामत लांबच्या वाटेसाठी आहे. यूएसबी माइकमध्ये पाव मिलिव्होल्टला चालावं लागतं ते काही सेंटिमीटर, तेही धातूच्या खोक्याच्या आत. पुढे दीड मीटर जातात ते आकडे. त्या आकड्यांची वाटही पाहा: यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा, एक ५ व्होल्टची, एक जमिनीची, आणि उरलेल्या दोन एकमेकींना पीळ दिलेल्या, एकीवर आकडे आणि दुसरीवर त्यांची उलटी प्रत. पलीकडचं टोक फरक पाहतं. बेलचीच युक्ती! ज्या गुणासाठी एक्सएलआरला डोक्यावर घ्यायचं, तोच गुण 'खेळण्या'च्या केबलमध्येही आहे.

यूएसबी माइकची खरी दुखरी जागा वेगळी आहे. त्या ५ व्होल्टवर लॅपटॉपमधली कुरकुरही चढून येते, आणि माइकच्या पोटातल्या अँप्लिफायरला तीच वीज प्यावी लागते. चार्जर लावल्यावर बारीक शिट्टी किंवा घरघर आली, तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहायचा. बहुतेक वेळा तिथेच रोग सापडतो. दुसरं, यूएसबीचं तोंड ढिलं झालं की अख्खा माइक दुरुस्तीला जातो. एक्सएलआरची केबल मात्र गावातला साउंडवाला दहा मिनिटांत डाग देऊन परत करतो.

खोक्यावर छापलेल्या '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ'ला भुलू नये, हे मला कळकळीने सांगायचं आहे. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, आणि आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने (म्हणजे खोक्यावरच्या भाषेत ४८ किलोहर्ट्झ) घेतले की २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पकडलं जातं. १६ बिटांत आवाजाच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक पातळीत ९६ डेसिबलचं अंतर मावतं. आपल्या शांत खोलीतसुद्धा ३०-३५ डेसिबलचा गोंगाट असतो आणि आवाज ७६ चा. अंतर उरतं चाळीसेक डेसिबल. २४ बिट घ्यावेत ते रेकॉर्ड करताना पातळी कमी ठेवता यावी म्हणून. १९२ चा कथाकथनाला काडीचाही उपयोग नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना गंजत नाहीत हे खरं, पण आवाज 'मखमली' होतो हे खोटं. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून खोली ध्वनिरोधक होते, हेही खोटं. पातळ पुठ्ठा वरचे स्वर थोडे खातो आणि घुमणारे खालचे स्वर तसेच राहतात.

बहिणीच्या रेकॉर्डिंगमध्ये खरा दोष होता खोलीचा. खाली गुळगुळीत फरशी, कोऱ्या भिंती, डोक्यावर पंखा, फोन दोन फुटांवर. ६० सेंटिमीटरवरून २० वर आलो तर थेट आवाज साडेनऊ डेसिबलने वाढतो, भिंतींवरून परतणारा आवाज आहे तेवढाच राहतो. मी तिला दुसऱ्या दिवशी गोधड्यांच्या कपाटापुढे, पाठीमागे दोरीवर आजीची जाड गोधडी टाकून, पंखा बंद करून त्याच फोनवर वाचायला लावलं. दोन्ही रेकॉर्डिंग एकामागोमाग ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?"

एकट्याने बोलायचं असेल तर यूएसबी माइक घ्यावा, डायनॅमिक असेल तर उत्तम, आणि उरलेले पैसे खोलीवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे. पण तिच्या मनात आणखी एक होतं: जात्यावरच्या ओव्या. आजी म्हणणार, ही मधूनमधून विचारणार. माणसं दोन, माइक दोन. इथे मात्र यूएसबी अडतं. प्रत्येक यूएसबी माइकच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं, आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत पन्नास एवढा फरक असला, तरी तासाभरात दोन आवाज एकमेकांपासून ०.१८ सेकंद सरकतात. रेकॉर्डिंगच्या शेवटाला आजीचा आवाज तिच्याच पडसादासारखा ऐकू येऊ लागतो, कारण तो नातीच्या माइकमध्येही शिरलेला असतो. एका इंटरफेसला दोन एक्सएलआर माइक लावले की दोघांनाही घड्याळ एकच.

तिने शेवटी दोन्ही तोंडांचा एक डायनॅमिक माइक घेतला. सध्या तो यूएसबीवर चालू आहे. मे महिन्यात आजीकडे जाईन तेव्हा दोन माइक लागतील अशी माझी इंटरफेसची पेटी आणि जुना एसएम५८ बरोबर नेणार आहे. जातं आजीने आत्तापासूनच धुऊन ठेवलंय.