नवतपा, कूलर आणि तीन किलोंचा पाहुणा

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आमच्या घरी दोन कामं एकदमच निघाली. गॅलरीत नवरा कूलरच्या गेल्या वर्षीच्या ताट्या उपसून नव्या बसवत होता, आणि आत दिवाणावर आजी, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सासूबाई, जुनी सुती साडी मांडीवर घेऊन तिचे चौकोन फाडत बसल्या होत्या. कात्री नाही. कडेला दातानं बारीक चीर द्यायची आणि मग दोन्ही हातांनी सरळ ओढायचं. साडी टर्रकन फाटते, धाग्याला धागा धरून. शंभर धुण्यांतून गेलेलं ते कापड इतकं मऊ झालेलं असतं, की शिवणीची गरज नाही. शिवण आली की ती बाळाला टोचणार.

चौकोन झाले आणि मग आजींनी टोपडी काढली. तीन. कानावर येणारी, गळ्याशी बंद असलेली.

“आजी, मे महिन्यात टोपडं?”

“मे असो का पूस, पयल्या दिवशी लेकराले टोपडं पाह्यजेच.”

मला डॉक्टरांनी दिलेली तारीख २८ मे आहे. म्हणजे भर नवतपा. सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की पहिले नऊ दिवस, साधारण २५ मे ते २ जून, नागपूरकर दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि टाकलंच तर तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून. पारा ४५ च्या आसपास. अशा दिवसांत जन्मणाऱ्या पोराला टोपडं घालायचं, हे मला हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हसायच्या आधी हिशोब करायची खोड आहे. हिशोब केला, आणि आजी निम्म्या बरोबर निघाल्या.

सुरुवात कूलरपासूनच करते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती आसपासच्या वस्तूंमधून ओढली जाते. कूलरचा पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून खेचतो. पाणी उडतं, हवा गार होते. आमच्याकडे मेमध्ये दुपारी हवेतली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर आलेली असते. ४५ अंशांची हवा आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर पाणी उडून उडून हवा जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकते. ताट्या चांगल्या असल्या तर खोलीत अठ्ठावीस-एकोणतीसची झुळूक मिळते. जूनच्या मध्यात पाऊस आला की हाच कूलर कुचकामी होतो, कारण हवाच पाण्यानं भरलेली असते आणि नवीन वाफेला जागा नसते. मग चिकचिक नुसती.

आता जन्माला येणारं बाळ डोळ्यांसमोर आणा. नऊ महिने ३७ अंशांच्या पाण्यात राहून ते बाहेर येतं ते नखशिखान्त ओलं. ओली ताटी आणि ओलं बाळ यांच्यात पदार्थविज्ञान काही फरक करत नाही. तीन किलोंच्या बाळाचं तापमान एक अंशानं खाली यायला साधारण अडीच हजार कॅलरी उष्णता जावी लागते (या शाळेतल्या छोट्या कॅलरी, बिस्किटाच्या पुड्यावरच्या नव्हेत). एक ग्रॅम पाणी अंगावरून उडताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातं. भागाकार करा: चार-साडेचार ग्रॅम. ही सगळी उष्णता बाळाच्याच अंगातून गेली असं धरलं, तर एक छोटा चमचा पाणी उडालं की बाळ एक अंशानं गार. आणि जन्मल्याबरोबर त्याच्या अंगावर, केसांत, काखेत, मांड्यांच्या वळ्यांत चमचाभराहून कितीतरी जास्त पाणी असतं.

विश्वास बसेना म्हणून स्वयंपाकघरातच प्रयोग केला. एकसारख्या दोन स्टीलच्या लोट्या घेतल्या, दोन्हींत लिटरभर ३७ अंशांचं पाणी. एका लोटीला आजींच्या साडीचा ओला चौकोन गुंडाळला, दुसरी कोरडी. दोन्ही कूलरच्या झोतात. दहा मिनिटांनी कोरड्या लोटीतलं पाणी ३६ च्या थोडं वर होतं. ओल्या फडक्यातलं ३२ च्या खाली. आजी येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. माठ भरणाऱ्या बाईला त्यात नवल ते काय?

बाळ काही लोटी नाही, ते स्वतः उष्णता तयार करतं. पण त्याची एक अडचण आहे. चहा पातेल्यात तासभर गरम राहतो आणि बशीत ओतला की दोन घोटांत निवतो, कारण बशीत त्याच चहाला हवा लागायला जागा जास्त मिळते. नवजात बाळाच्या दर किलो वजनामागे जेवढी त्वचा असते ती मोठ्या माणसाच्या जवळजवळ अडीचपट. म्हणजे बाळ हा बशीतला चहा. त्यातही डोकं मोठं, एकूण लांबीच्या चौथा हिस्सा, आणि त्यावर केस असले तर तेही ओले. काहीच केलं नाही तर पहिल्या दहा-वीस मिनिटांत बाळाचं तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकतं. खोलीत आपल्याला घाम येत असतो तेव्हाही.

मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो. स्नायू हलतात, ऊब तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्यासाठी निसर्गानं वेगळी शेगडी ठेवलेली आहे: तपकिरी चरबी. दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये, मानेभोवती, मूत्रपिंडांच्या आसपास ही चरबी साठलेली असते. १५५१ मध्ये कोनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकानं मार्मोट नावाच्या, थंडीत झोपून राहणाऱ्या प्राण्याच्या शरीरात ती पाहिली आणि धड चरबी नाही, धड मांस नाही, असं तिचं वर्णन केलं. तपकिरी रंग येतो तो पेशींमध्ये खच्चून भरलेल्या मायटोकाँड्रियांमुळे. हे पेशींचे वीजघर. धरणात पाणी अडवावं तसे मायटोकाँड्रिया पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन अडवतात आणि एरवी ते टर्बाइनमधून सोडून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा बनवतात. तपकिरी चरबीत मात्र यूसीपी-१ नावाचं एक प्रथिन आडवाटेचं दार उघडतं. आमच्या तोतलाडोह धरणाचं पाणी टर्बाइनला वळसा घालून सोडून दिलं, तर वीज बनणार नाही, सगळी शक्ती आदळआपटीत जाईल. तशी इथे ती सरळ उष्णता होऊन बाहेर पडते. वीज नको, ऊबच हवी आहे, म्हणून हा उधळेपणा परवडतो.

परवडतो, पण फुकट नाही. ही शेगडी पेटती ठेवायला साखर आणि प्राणवायू खर्च होतो. बाळ फार वेळ गार राहिलं तर रक्तातली साखर उतरते, ते मलूल होतं, दूध ओढत नाही. आणि तपकिरी चरबीचा बराचसा साठा गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत होतो. म्हणजे जे बाळ आधी येतं त्याच्याकडे सरपणच कमी.

इथे नागपूरचा उन्हाळा दुसऱ्या दारानं आत येतो. गरोदर बाईच्या रक्तातला पातळ, पाण्यासारखा भाग चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेला असतो, हृदय जास्त काम करत असतं, आणि पोटातल्या बाळाचं तापमान आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्त असतं. बाळाला घाम काढून गार व्हायची सोय नाही. त्याची उष्णता बहुतेक सगळी नाळेवाटे आईच्या रक्तात येते आणि आईच्या त्वचेवरून बाहेर जाते. म्हणजे मी सध्या माझाही कूलर आहे आणि त्याचाही, टाकी मात्र एकच. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तापमानाच्या दर अंशामागे वेळेआधी प्रसूतीची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेली दिसली, उष्णतेच्या लाटेत सोळा टक्क्यांनी. त्या २७ पैकी फक्त सात देश गरीब आणि मध्यम उत्पन्नाचे होते, याचा मला मात्र राग आला. ऊन आमच्याकडे, अभ्यास तिकडे.

तर हा उलटा फेरा लक्षात घ्या. बाहेरच्या उन्हानं बाळ आधी आलं, की त्याला धोका थंडीचा.

म्हणून माझी तयारी दोन टोकांना आहे. प्रसूतीपर्यंत मला ऊन टाळायचंय: तपासणी सकाळी नऊच्या आत, पाण्याची बाटली हाताशी, ताक आणि पन्हं रोज, आणि लघवीचा रंग गडद झाला की तो इशारा समजायचा. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारी येणं, यांपैकी काहीही झालं तर ऊन-सावली न बघता निघायचं. त्यासाठी रिक्षा शोधत बसायचं नाही. १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक फ्रिजवर चिकटवले आहेत. मेयो, मेडिकल, डागा अशा सरकारी दवाखान्यांत जाणाऱ्यांसाठी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, औषधं आणि हा प्रवास मोफत आहे. कितीतरी जणींना ते अजून माहीत नसतं.

दुसरं टोक म्हणजे बाळ बाहेर आल्यानंतरचा पहिला तास. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रसूतीची खोली २५ ते २८ अंश हवी. उन्हाळ्यात खोलीतला एसी डॉक्टर-नर्सच्या सोयीनं लावलेला असतो, म्हणून मी आधीच विचारून ठेवलं आहे की बाळ येताना तो कमी कराल ना, पंखा बंद कराल ना. बाळाला लगेच कोरडं पुसायचं, ओलं फडकं बाजूला टाकायचं आणि दुसरं कोरडं घ्यायचं. लोटीचा प्रयोग आठवा: ओलं फडकं गुंडाळून ठेवणं हे न गुंडाळण्यापेक्षा वाईट. अंगावरचा पांढरट लेप खरवडून काढायचा नाही, चोवीस तास आंघोळ नाही. डोक्याला टोपडं. आणि बाळ उघड्या अंगानं आईच्या उघड्या छातीवर, वरून दोघांना एक दुपटं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा एडगर रे आणि एक्तोर मार्तिनेझ या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली. आज ती पद्धत कांगारू म्हणून जगभर चालते. आईच्या छातीइतकी ऊब ठरवून देणारी शेगडी बाजारात नाही.

एवढ्यापुरत्या आजी बरोबर. पुढचं मात्र त्यांना पटवायला दोन दुपारी गेल्या.

कोरडं झालेलं, दूध पिऊ लागलेलं बाळ घरी आलं की हिशोब पालटतो. त्याला घाम धड येत नाही, आणि डोकं हीच त्याची उष्णता टाकायची मोठी जागा. ३२ अंशांच्या खोलीत टोपडं, कुंची आणि वर गोधडी म्हणजे ओव्हन. खाली शेगडी, धुरी, दारं-खिडक्या बंद, हे तर नकोच. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो, आणि त्याला वासही नसतो. अहमदाबादला २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तापानं आजारी पडलेली नवजात बाळं एका सरकारी दवाखान्यात वाढली. तिथला बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. वॉर्ड खाली हलवल्यावर असे रुग्ण बरेच कमी झाले. ते वाचलं आणि आम्ही गच्चीखालची खोली सोडून खालच्या मजल्यावरची, पूर्वेची खोली घेतली. सासरेबुवांचा पेपर वाचायचा कोपरा गेला. कूलर राहील, पण झोत भिंतीवर, एक खिडकी उघडी, आणि टाकी दर आठवड्याला कोरडी करून घासायची. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डासापर्यंतचं सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं.

“आन् पाणी? उन्हाळ्यात लेकराचा घसा सुकते.” आजींचा शेवटचा बाण.

आईचं दूध सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. गरम प्रदेशांतल्या बाळांवर तपासून झालं आहे, सहा महिने वरचं पाणी लागत नाही. उलट चमचाभर पाण्यानं छोटं पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं, आणि पाण्याबरोबर जुलाब येतात ते वेगळं. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक थोडासाच असतो, म्हणून घरचे घाबरतात. पण तो शरीरात पाचव्या महिन्याच्या आसपासच तयार व्हायला लागलेला असतो, आणि वार बाहेर पडल्यावर एक संप्रेरक उतरलं की दोन-चार दिवसांत दूध भरून येतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळानं दिवसाला सहा तरी लंगोट ओले केले की पाणी पुरतंय. पाणी प्यायचं ते मी.

“म्हंजे लंगोट मोजाचे,” आजी म्हणाल्या. “ते करतो मी.”

बाळ गार आहे की गरम, हे हातानंच कळतं. पोट उबदार आणि तळपाय गार, तर एक थर वाढवा. मान-पाठ तापलेली, अंग लालसर, किरकिर, तर एक थर उतरवा. तरी ताप राहिला तर डॉक्टर.

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. साडीचे बारा चौकोन, दोन दुपटी, झबली, एक थर्मामीटर, माझी फाइल. टोपडं एकच. उरलेली दोन आजींनी मुकाट्यानं कपाटात परत ठेवली.

नव्या खोलीत भिंतीवर एक साधा तापमापक टांगला आहे. काल दुपारी तीनला आजी चष्मा सावरत त्याच्यासमोर उभ्या होत्या.

“भिंतीले किती ताप हाय?”

“तीस.”

“मंग झबलंच पुरे,” असं म्हणून त्या आडव्या झाल्या.