पिवळे गेले आणि मातकट आले

आई गेल्या वर्षी जूनमध्ये न्यू जर्सीला आली तेव्हा जेट लॅगमुळे पहाटे चारलाच उठून बसायची. तिसऱ्या दिवशी उजाडताच तिने मला हाताला धरून किचनच्या खिडकीत नेलं. बाहेर फीडरवर सात-आठ गोल्डफिंच लटकलेले, लिंबासारखे पिवळे, काळी टोपी कपाळावर पुढे ओढलेली, पंख काळे आणि त्यावर पांढऱ्या पट्ट्या. मला वाटलं पक्षी दाखवायला बोलावलंय. पण तिचं बोट फीडरच्या नळीतल्या काळ्या दाण्यांकडे होतं. "अरे, ही तर खुरासणी!"

खुरासणीच ती. आमच्या इगतपुरीकडे खुरासणी म्हणतात, इतरत्र कारळे. इथे 'नायजर' नावाने पिशव्या मिळतात, काही लोक अजून 'थिसल सीड' म्हणतात ते चूक आहे, थिसल ही वेगळी काटेरी वनस्पती. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या मात्र आहेत, आणि या पक्ष्याचा सगळा जीव त्याच कुळावर. ही खुरासणी मुख्यतः इथिओपिया आणि भारतातून येते, आमच्या पिशवीवर तर भारतच लिहिलं होतं. सोबत अमरवेलीसारख्या तणांचं बी येऊ नये म्हणून अमेरिकेत ती तापवूनच विकावी लागते. हे सगळं मी आईला सांगितलं तरी तिने मूठभर कुंडीत पेरलीच. चटणीला घेऊ का असंही विचारलं, तिथे मात्र मी ठाम नाही म्हटलं, पक्ष्यांचं धान्य माणसांसाठी साफ केलेलं नसतं.

खरा विषय निघाला नोव्हेंबरमध्ये. "ते पिवळे गेले वाटतं रे, आता या मातकट चिमण्या आल्यात." शेजारचे आजोबा कित्येक वर्षं फीडर भरतायत, त्यांचंही हेच मत, पिवळे फ्लोरिडाला जातात म्हणे. त्यांचं अगदीच चूक नाही, उत्तरेकडचे बरेच गोल्डफिंच थंडीत खाली सरकतात. पण न्यू जर्सीत हा पक्षी बाराही महिने असतो, १९३५ पासून तो इथला राज्यपक्षी आहे. आईच्या 'मातकट चिमण्या' म्हणजे गोल्डफिंचच होते. पंखांवरच्या पट्ट्या बघा, ती बारीक टोकदार चोच बघा, आणि उडताना लाटेसारखं वरखाली जात 'पो-टे-टो-चिप' ओरडतात ते ऐका, मग शंका राहत नाही.

आता हे 'पिवळ्याचे मातकट' कसे होतात? बहुतेकांना वाटतं की रंग उडतो, जुन्या शर्टाचा उडतो तसा. पण तसं होत नाही. पूर्ण वाढलेलं पीस म्हणजे आपल्या नखाचं किंवा केसाचं टोक समजा, मेलेलं केराटिन, त्यात ना रक्त ना पेशी. पाठीमागून रंग पाठवायला वाटच नाही. थोडं झिजतं, थोडं फिकटतं, पण पूर्ण रंग बदलायचा तर जुनं पीस गाळून नवं उगवावं लागतं. चोचीचं तसं नाही, तिथे जिवंत पेशी आहेत, म्हणून थंडीत करडी असलेली चोच वसंतात पीस न गाळताही नारिंगी होते.

फिंचांच्या या शाखेतले बाकीचे पक्षी वर्षातून एकदाच पिसं बदलतात, हा पठ्ठ्या दोनदा. शरद ऋतूत सगळी, पंख-शेपटीसकट. फेब्रुवारी-मार्चपासून पुन्हा, पण फक्त अंगावरची. म्हणजे उडायची पिसं वर्षभर तीच, त्यामुळे जुलैपर्यंत पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडा झिजून जवळजवळ गायब होतात. शेजारचा काळा भाग टिकतो, कारण काळा रंग देणारं मेलॅनिन पिसाला कडकपणाही देतं. आपल्याकडचा सुगरण नर पावसाळ्याच्या तोंडावर पिवळा होतो तोही असाच, नवी पिसं घालून. (सुगरणीत घरटं नर विणतो, इथे मादी विणते, आणि इतकं घट्ट की त्यात पाणीही साठतं.)

आता माझा आवडता भाग, ज्यांना केमिस्ट्रीचा कंटाळा आहे त्यांनी दोन पॅरे उडी मारावी.

हा पिवळा रंग पक्ष्याला स्वतः बनवता येत नाही. काळा येतो, पिवळ्याचा कच्चा माल खाण्यातूनच हवा, म्हणजे वनस्पतींतली ल्युटीन आणि झियाझँथिन ही कॅरोटिनॉइड्स. झेंडूत हीच असतात, मक्यात असतात, गावरान अंड्याचा बलक यांच्यामुळेच दाट पिवळा दिसतो, आणि पोल्ट्रीवाले कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात तो त्यासाठीच. कोंबडी हे रेणू आहेत तसेच बलकात भरते, गोल्डफिंच मात्र त्यांच्यावर काम करतो. या रेणूंत कार्बनची लांब साखळी असते आणि तिच्यात एक सोडून एक दुहेरी बंध. सलग अशा रांगेत इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, रांगभर पसरतात, आणि रांग जितकी लांब तितकी कमी ऊर्जेचा, म्हणजे जास्त तरंगलांबीचा प्रकाश ती गिळते. झियाझँथिनमध्ये ११ बंधांची रांग, ल्युटीनमध्ये १०. पक्ष्याची एन्झाइम्स साखळीच्या टोकाला असलेल्या कड्यातला (रिंगमधला) दुहेरी बंध एक घर सरकवतात, तो रांगेतून बाहेर पडतो, कड्यावर ऑक्सिजनची थोडी कारागिरी होते, आणि उरतात ९. याला कॅनरी झँथोफिल म्हणतात. रांग आखूड झाली, म्हणून शोषण आणखी जांभळ्याकडे सरकलं, आणि बलकाचा केशरट पिवळा जाऊन लिंबाचा पिवळा आला. एक-दोन बंधांचा फरक, पण आपल्याला खिडकीतून दिसतो!

आणि नुसतं रंगद्रव्य पुरत नाही. पिसाच्या केराटिनची रचनाच अशी असते की ती प्रकाश सगळीकडे विखुरते, म्हणजे पांढरी दिसते, आणि त्यावर हा पिवळा चढतो. भिंतीला आधी पांढरा हात मारून मग पिवळा डिस्टेंपर लावला की कसा उजळतो, तसं.

हा खटाटोप कशाला, तर माद्यांना दाखवायला. २००० साली छापून आलेल्या एका प्रयोगात पाळलेल्या नरांना पिसं बदलायच्या काळात आतड्यातल्या परजीवींची लागण होती, त्यांची पिसं आणि चोच फिकी निघाली, काळ्या टोपीवर मात्र काही फरक नाही. म्हणजे पिवळेपणा ही या नराच्या तब्येतीची जाहिरात. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी फोटो टाकला तेव्हा एका काकूंनी लिहिलं, गुरुवारी पिवळा पक्षी अंगणात म्हणजे गुरुकृपा. भारद्वाज दिसला की शुभ हे लहानपणापासून ऐकतोय, त्यातलाच प्रकार. मग तोच पक्षी डिसेंबरच्या गुरुवारी मातकट होऊन येतो तेव्हा काय समजायचं? काकूंचं उत्तर अजून आलेलं नाही.

फीडर लावायचा असेल तर एक अनुभव सांगतो. सेलमध्ये खुरासणीची मोठी पिशवी आणली, पक्षी यायचे, एक दाणा चोचीत फिरवून टाकायचे आणि निघून जायचे. दोन आठवडे मी मांजराला दोष देत होतो. शेवटी दाणा कागदावर नखाने चिरडून बघितला, तेलाचा डागच नाही, बी जुनं होऊन वाळलेलं. ताजी पिशवी भरली, दोन दिवसांत गर्दी. आणि फीडर दर दोन आठवड्यांनी तरी धुवा, गर्दीच्या जागी साल्मोनेलासारखे रोग पसरतात आणि पक्षी मरतात, हे पुण्य कमावणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

हिवाळ्यात आई परत गेली. एप्रिलमध्ये व्हिडिओ कॉलवर तिला फीडर दाखवला, वर एक नर बसलेला, छाती पिवळी, पाठ मातकट, मानेवर ठिगळं, टोपी अर्धीच उगवलेली.

"अगं बाई, याला काय खरूज झाली?"

म्हटलं, कपडे बदलतोय, मेच्या मध्यापर्यंत थांब.

"बरं," आई म्हणाली. "आणि माझ्या कुंडीत काही उगवलं का?"