निवेदिकेच्या खुर्चीतून दिग्दर्शनाकडे

सोलापूर जिल्ह्याला दिग्दर्शकांचं अप्रूप नाही. पंढरपुरात जन्मलेले जब्बार पटेल सोलापुरात शिकले, नागराज मंजुळे करमाळ्याच्या जेऊरचे. अभिनेत्रींचीही वानवा नाही. शशिकला इथल्याच, 'कट्यार काळजात घुसली' नाटकातली पहिली झरीना रंगवणाऱ्या फैयाज इथल्याच, अकलूजची रिंकू राजगुरू तर कालपरवाची. पण या दोन याद्यांत सामाईक नाव शोधायला गेलं की हाताला काही लागत नाही. हे फक्त आपल्याकडचं नव्हे. एकूण मराठी सिनेमातच बाईनं कॅमेऱ्यामागं उभं राहणं फार काळ दुर्मीळ होतं.

ज्या मोजक्याजणी तिथवर गेल्या, त्यांतल्या बऱ्याच दूरदर्शनच्या दारातून आल्या. सई परांजपे दिल्ली दूरदर्शनवर निर्मात्या होत्या. स्मिता तळवलकर मुंबई केंद्रावर बातम्या वाचत. पुढे त्यांनी 'कळत नकळत'ची निर्मिती केली आणि 1993 मध्ये 'सवत माझी लाडकी' स्वतः दिग्दर्शित केला. मृणाल कुलकर्णी 'स्वामी' मालिकेतल्या रमाबाई म्हणून घरोघर पोचल्या. 2014 मध्ये 'रमा माधव' दिग्दर्शित करताना ती भूमिका पर्ण पेठेकडे गेली आणि मृणाल स्वतः गोपिकाबाई झाल्या.

रेणुका शहाणे यांचा प्रवास मला यांत सगळ्यांत बोलका वाटतो. 'सर्कस' मालिकेत त्या शाहरुख खानबरोबर होत्या, पण देशानं त्यांना ओळखलं ते 'सुरभि'मुळे, दूरदर्शनवरच्या या सांस्कृतिक कार्यक्रमाचं निवेदन त्या सिद्धार्थ काक यांच्याबरोबर करत. नव्वदच्या दशकात रविवारी रात्री जेवणं उरकून सोलापूरच्या पूर्वभागातली तेलुगू बोलणारी घरं आणि पेठांतली मराठी-कन्नड घरं टीव्हीसमोर एकच हिंदी ऐकत बसायची. कार्यक्रम संपला की त्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पोस्टकार्डावर लिहायचं. आमच्या गल्लीत त्यावरून वादही व्हायचे, कारण उत्तर एकाला माहीत असायचं आणि कार्ड दुसऱ्याच्या नावानं जायचं. साधं कार्ड तेव्हा 15 पैशांना मिळे. पत्रांचा पूर एवढा वाढला की टपाल खात्यानं अशा स्पर्धांसाठी 2 रुपयांचं वेगळं कार्ड काढलं.

1994 च्या 'हम आपके हैं कौन'नं रेणुकाताईंवर आदर्श वहिनीचा शिक्का मारला. असा शिक्का बसलेल्या नटीला पुढची वीस वर्षं तेच काम मिळत राहतं. रेणुकाताई 2009 मध्ये 'रीटा' घेऊन आल्या आणि आदर्श घराच्या नेमकं उलटं टोक त्यांनी दाखवलं. आईवडलांचा संसार ओढणारी थोरली मुलगी, विवाहित वरिष्ठाशी तिचं नातं, आणि मग तिचं कोलमडणं. मूळ कादंबरी 'रीटा वेलिणकर' ही त्यांच्या आईची, शांता गोखले यांची. मुख्य भूमिका त्यांनी पल्लवी जोशींना दिली, स्वतः मैत्रीण सरस्वती झाल्या.

सई परांजपे शकुंतलाबाईंच्या कन्या, मृणाल वीणा देवांच्या, रेणुका शांताबाईंच्या. तिघींच्याही आया लिहिणाऱ्या. टीव्हीनं चेहरा दिला हे खरं, पण दिग्दर्शकाला लागणारी नजर घरातल्या लिहित्या बाईकडून आली असावी, असं माझं मत. (नटीच्या मुलाखतीत आपण तिची साडी विचारतो, आईची पुस्तकं नाही!)

रेणुकाताईंच्या पुढच्या सिनेमात, 'त्रिभंग'मध्ये, तर लेखिका आईच थेट पडद्यावर आली. तन्वी आझमींची नयन कोमात जाते आणि काजोलची ओडिसी नर्तकी अनु तिच्याबद्दलचा सगळा राग घेऊन दवाखान्यात येते. रेणुकाताईंनी दोघींपैकी कुणालाच निर्दोष ठरवलेलं नाही. लिहिण्यापायी आईनं मुलांकडं दुर्लक्ष केलं हेही दिसतं, आणि तिला लिहू न देणारं सासरही. 'रीटा'नंतर तब्बल बारा वर्षांनी, 15 जानेवारी 2021 ला, हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. त्यामुळे एक झालं. एरवी असे सिनेमे मुंबई-पुण्याच्या पलीकडं फारसे सरकत नाहीत, हा मात्र तिथं लागला त्याच दिवशी सोलापूरच्या अशोक चौकातल्या मोबाइलवरही होता.