ताट भरलेलं, तरी बाळ उपाशी

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा," हा सल्ला ठाण्यात नौपाड्याच्या चाळीत आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये सारखाच मिळतो. सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी भरलं की सल्ल्याचा आरोप होतो: पोरीने नीट खाल्लं नाही. कारण प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढवणारा आजार असेल, तर हा आरोप निव्वळ अन्याय आहे.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्यावर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की डॉक्टरांना या आजाराची शंका येते. पण गडबड त्याच्या कितीतरी आधी झालेली असते, वारेच्या (म्हणजे प्लासेंटाच्या) मुळाशी.

गर्भाशयाच्या भिंतीत मळसूत्रासारख्या पीळदार, बारीक धमन्या असतात. पहिल्या वीसेक आठवड्यांत वारेकडच्या ट्रोफोब्लास्ट पेशी त्यांत घुसतात आणि भिंतीतला स्नायूचा थर काढून टाकतात. म्हणजे बाळाच्या बाजूच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांची दुरुस्ती करतात! मला या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच. धमनीचं तोंड नरसाळ्यासारखं रुंदावतं आणि तिला आकसताच येत नाही. सेकंदाला एक-दोन मीटर वेगाने येणारं रक्त वारेत शिरताना सुमारे दहा सेंटिमीटरवर येतं. वारेचे नाजूक अंकुर त्या संथ रक्तात डुंबून ऑक्सिजन आणि अन्न उचलतात.

प्रीएक्लॅम्प्सियात, विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात, हे काम अर्धवट राहतं. मग रक्त कमी येतं एवढंच नाही, ते जोरातही येतं. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून रोपाला पाणी घातलं तर माती उडते, मुळं कोरडीच. तसे अंकुर झोडपले जातात. शिवाय स्नायू शाबूत असल्याने धमनी अधूनमधून आकसते, ऑक्सिजन कमी-जास्त होत राहतो आणि वारेचे तुकडे मरतात.

दुखावलेली वार आईच्या रक्तात एसफ्लिट-1 नावाचं प्रथिन सोडते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला निरोगी ठेवणारे व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ हे घटक ते वाटेतच पकडतं. अस्तर बिघडलं की रक्तदाब चढतो, मूत्रपिंडाची चाळणी गळू लागते. 2003 मध्ये संशोधक अनंत करुमंची आणि सहकाऱ्यांनी गाभण उंदरांमध्ये हेच प्रथिन वाढवलं, तर नेमकी हीच लक्षणं दिसली.

इकडे बाळ काटकसर करतं. मेंदूचा वाटा राखून यकृत, मूत्रपिंड यांचं रक्त कमी करतं. म्हणून रिपोर्टमध्ये डोकं बऱ्यापैकी, पोटाचा घेर मागे, गर्भजल कमी. उशिरा सुरू होणाऱ्या आजारात मात्र बाळ बरेचदा चांगलं भरलेलं असतं, त्यामुळे वजनावरून निश्चिंत होऊ नये.

ग्रहणात गरोदर बाईला विळी धरू न देणाऱ्या घरात बीपीचं यंत्र धूळ खात असतं, याचा मला राग येतो. मीठ तोडल्यानेही हा आजार टळत नाही. जास्त धोका असलेल्या बाईला डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, तीही शक्यतो सोळाव्या आठवड्याआधी. धमन्यांचं काम तेव्हा चालू असतं म्हणून. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत तपासणी फुकट होते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं यांपैकी काही झालं तर त्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही, कारण वार पडली तरी रक्तदाब लगेच उतरतोच असं नाही.