बाल्कनीतल्या दोन खुर्च्या

ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतल्या ‘अ‍ॅट द मूव्हीज’ या चित्रपटसमीक्षेच्या टीव्ही कार्यक्रमाचा शेवटचा भाग दाखवला गेला. कार्यक्रम बंद होणार हे डिस्नेने त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर केलं होतं. शेवटच्या हंगामात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ए. ओ. स्कॉट आणि ‘शिकागो ट्रिब्यून’चे मायकल फिलिप्स समोरासमोर बसत. दोघंही जाणकार, दोघांचंही बोलणं नेमकं. त्यांच्यात काही कमी होतं म्हणून कार्यक्रम संपला, असं तो पाहिलेला कुणी म्हणणार नाही. तेव्हापासून एक प्रश्न सतत विचारला जातो: इंटरनेटच्या काळात टीव्हीवरच्या चित्रपटसमीक्षेला काही काम उरलं आहे का? बहुतेकांचं उत्तर तयार असतं, नाही. मला ते घाईचं वाटतं. हा प्रकार मुळात कशावर उभा होता हे पाहिल्याशिवाय तो कशाने पडला हे सांगता येत नाही.

टीव्हीवर समीक्षा १९७५ च्या आधीही होती, पण बातम्यांच्या पोटात. एनबीसीच्या सकाळच्या ‘टुडे’मध्ये १९६० च्या दशकात ज्युडिथ क्रिस्ट बोलायच्या; त्यांच्यानंतर जीन शॅलिट आले आणि २०१० पर्यंत राहिले. एक माणूस, दोन-तीन मिनिटं, नजर कॅमेऱ्यावर. क्रिस्टबाईंच्या तिखट जिभेला स्टुडिओवाले बिचकून असत. तरी ते छापील परीक्षणाचंच बोललेलं रूप होतं. टीव्हीने त्यात स्वतःचं काही घातलेलं नव्हतं.

ते घातलं गेलं शिकागोत. १९७५ मध्ये तिथल्या डब्ल्यूटीटीडब्ल्यू या सार्वजनिक केंद्रावर महिन्यातून एकदा ‘ओपनिंग सून अ‍ॅट अ थिएटर निअर यू’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. समीक्षक दोन, आणि तेही एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन वर्तमानपत्रांचे. ‘सन-टाइम्स’चे रॉजर एबर्ट यांना त्याच वर्षी समीक्षेसाठीचं पुलित्झर मिळालं होतं, चित्रपटसमीक्षकाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. ‘ट्रिब्यून’चे जीन सिस्कल १९६९ पासून लिहीत होते. एकाच शहरात, त्याच चित्रपटांच्या त्याच खेळांना बसणारे हे दोघं एकमेकांशी फारसं बोलतही नसत. सुरुवातीच्या भागांत ते अवघडलेले दिसतात. पण निर्मात्या थिया फ्लॉम यांनी या जोडीतली खरी ताकद ओळखली आणि दोघांना घडवलं. चित्रपटगृहाच्या बाल्कनीसारखा सेट, मध्ये जागा सोडून दोन खुर्च्या, समोर पडदा. आठवड्यातल्या सर्वांत टुकार चित्रपटाची ओळख करून द्यायला एक कुत्राही होता, तो उडी मारून खुर्चीवर येऊन बसायचा. १९७८ मध्ये ‘स्नीक प्रिव्ह्यूज’ या नावाने कार्यक्रम पीबीएसवरून देशभर गेला आणि सार्वजनिक टीव्हीवरच्या सर्वांत लोकप्रिय कार्यक्रमांत जाऊन बसला.

पुढचा प्रवास पैशाचा आहे. १९८२ मध्ये दोघं सार्वजनिक टीव्ही सोडून ट्रिब्यून कंपनीच्या ‘अ‍ॅट द मूव्हीज’मध्ये गेले, १९८६ मध्ये तिथूनही निघून डिस्नेच्या ब्यूना व्हिस्टाकडे. सुरुवातीला ज्याचा शेवट सांगितला तो हा डिस्नेचा कार्यक्रम; ‘अ‍ॅट द मूव्हीज’ हे नाव त्याला पुढे मिळालं. तोवर निकाल ‘हो’ की ‘नाही’ असा सांगितला जाई. डिस्नेकडे आल्यावर अंगठा आला: वर किंवा खाली. ‘दोन अंगठे वर’ हे शब्द जाहिरातींत झळकू लागले, त्यांची व्यापारी चिन्ह म्हणून नोंदणीही झाली. एक स्टुडिओच समीक्षेच्या कार्यक्रमाचा मालक, ही गोष्ट तेव्हाही खटकण्यासारखी होती आणि आजही आहे. पण या दोघांनी मालकाच्या चित्रपटांनाही अंगठा खाली दाखवला, हे नोंदवायलाच हवं.

कार्यक्रमाची यंत्रणा साधी होती. जाहिराती वगळता हातात बावीसेक मिनिटं, त्यात चार-पाच चित्रपट. एकाने कथेची ओळख करून द्यायची आणि आपलं मत मांडायचं; हा भाग आधी लिहिलेला. मधे स्टुडिओने पुरवलेली क्लिप. मग दुसरा तोंड उघडायचा, आणि तिथून पुढचं काहीही लिहिलेलं नसायचं. सगळं मोल त्या दीड-दोन मिनिटांचं.

१९८७ च्या एका भागात एबर्ट यांनी ‘फुल मेटल जॅकेट’ या स्टॅन्ली कुब्रिक यांच्या युद्धपटाला अंगठा खाली दाखवला आणि त्याच भागात ‘बेंजी द हंटेड’ या कुत्र्याच्या बालपटाला वर. सिस्कल उसळले. कुब्रिकला नापास करतोस आणि बेंजीला पास? एबर्ट वैतागले, पण त्यांचा मुद्दा पक्का होता: प्रत्येक चित्रपट त्याला स्वतःला जे व्हायचं आहे त्या मापाने मोजायचा, बालपट आणि युद्धपट एका तराजूत घालायचे नाहीत. समीक्षेतला हा फार जुना आणि अवघड प्रश्न आहे. तो लाखो घरांत, कुठलाही जड शब्द न वापरता, दोन चिडलेल्या माणसांच्या तोंडून पोचला. त्या दिवशीचे अंगठे तेवढे पाहिले तर काहीच कळत नाही. भांडण ऐकलं तर बरंच कळतं.

त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्यांनी कुठे वापरलं हे मला अंगठ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. १९८१ चा ‘माय डिनर विथ आन्द्रे’ म्हणजे जेवणाच्या टेबलावर बसून दोन माणसांनी मारलेल्या गप्पा. असा चित्रपट चालावा यासाठी दोघांनी त्याची मनापासून शिफारस केली आणि त्याला प्रेक्षक मिळाला. १९९४ च्या आरंभी त्यांनी ‘हूप ड्रीम्स’ या जवळजवळ तीन तासांच्या माहितीपटाची चर्चा केली, तेव्हा त्याला वितरकही मिळालेला नव्हता. शिकागोतल्या दोन कृष्णवर्णीय मुलांची आणि त्यांच्या बास्केटबॉलच्या स्वप्नाची ती कहाणी. वर्षाअखेर दोघांनीही तो वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवला. ऑस्करच्या माहितीपट विभागात त्याला नामांकन नाकारलं गेलं तेव्हा इतका गदारोळ झाला की अकादमीला आपली निवडपद्धत बदलावी लागली.

कधीकधी ते पूर्ण भाग एकाच विषयाला देत. १९८० मध्ये त्यांनी बायकांच्या मागे चाकू घेऊन लागणाऱ्या भयपटांच्या लाटेवर एक भाग केला आणि कॅमेरा कुणाच्या नजरेने बघतो आहे हे क्लिपा दाखवून समजावलं. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकावर रंग फासण्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. १९८९ मध्ये एक भाग कृष्णधवल चित्रपटांच्या कौतुकासाठी ठेवला आणि तो संपूर्ण कृष्णधवलच चित्रित केला. शब्दाला चित्राचा पुरावा जोडणं कागदावरच्या समीक्षकाला शक्यच नव्हतं. टीव्हीचं खरं देणं हे.

आक्षेपही याच काळात आला. मार्च-एप्रिल १९९० च्या ‘फिल्म कॉमेंट’ या नियतकालिकात समीक्षक रिचर्ड कॉर्लिस यांनी या अंगठ्यांवर मोठा लेख लिहिला. गुण आणि अंगठे यांच्या सवयीने वाचकाची सविस्तर समीक्षेची भूकच मरते, हा त्यांचा रोख. एबर्ट यांनी उत्तर देताना आपला कार्यक्रम म्हणजे सखोल समीक्षा नाही, हे आधीच मान्य केलं. पण चित्रपटाबद्दल स्वतःचं मत बनवता येतं, ही गोष्टच एखाद्या मुलाला अशा कार्यक्रमातून पहिल्यांदा उमगू शकते, असं त्यांनी म्हटलं. मला दोघांचंही पटतं. कॉर्लिस यांची भीती पुढे पूर्णपणे खरी ठरली, फक्त ती टीव्हीने खरी केली नाही.

इतर देशांत हा प्रकार वेगळ्या वळणाने वाढला. बीबीसीवर बॅरी नॉर्मन यांनी १९७२ पासून १९९८ पर्यंत एकट्याने किल्ला लढवला. कार्यक्रमाच्या नावात त्या-त्या वर्षाचा आकडा असे. ऑस्ट्रेलियात १९८६ मध्ये मार्गारेट पोमेरान्झ आणि डेव्हिड स्ट्रॅटन ही जोडी आली आणि २००४ मध्ये वाहिनी बदलूनही २०१४ पर्यंत टिकली. १९९२ च्या ‘रोम्पर स्टॉम्पर’ला स्ट्रॅटन यांनी गुण द्यायलाच नकार दिला, मार्गारेटबाई मात्र त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. पुढे त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाने व्हेनिसमध्ये स्ट्रॅटन यांच्या अंगावर वाइन फेकली. टीव्हीवरच्या मताची धग लोकांना किती लागायची ते यावरून दिसतं.

आता इंटरनेट. १९९० मध्ये चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबीची सुरुवात झाली, मग समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या वेबसाइट आल्या: १९९८ मध्ये ‘रॉटन टोमॅटोज’, २००१ मध्ये ‘मेटाक्रिटिक’. टीव्हीच्या कार्यक्रमातली पहिली गोष्ट सुटून गेली ती निकाल. शनिवारपर्यंत थांबून दोन अंगठे बघण्यापेक्षा शुक्रवारी सकाळीच शेकडो समीक्षकांचा टक्का हातात येऊ लागला. ‘रॉटन टोमॅटोज’वर हा टक्का कसा बनतो ते पाहा. प्रत्येक परीक्षण आधी अनुकूल किंवा प्रतिकूल या दोन ढिगांपैकी एकात टाकलं जातं, मग अनुकूलांचं प्रमाण काढलं जातं. ६० टक्के किंवा वर असेल तर चित्रपट ‘ताजा’. म्हणजे शेकडो अंगठ्यांची बेरीजच, मागचं भांडण वगळून. सगळ्यांना बरा वाटलेला चित्रपट शंभर टक्के मिळवू शकतो. काहींनी डोक्यावर घेतलेला आणि काहींनी झिडकारलेला चित्रपट पन्नासावर अडकतो. मतभेद हीच ज्याची श्रीमंती, तोच इथे मार खातो.

दुसरी गोष्ट गेली ती क्लिप. एके काळी येऊ घातलेल्या चित्रपटाचे दोन तुकडे घरबसल्या पाहायला मिळणं हेच अप्रूप होतं. ट्रेलर ऑनलाइन मिळू लागले आणि ते संपलं. तिसरा घाव खोलवरचा, आणि त्याची चर्चा कमी होते. हे समीक्षक मुळात वर्तमानपत्रांचे पगारी लोक होते. आठवडाभर चित्रपट पाहायचे, लिहायचे, विचार पक्का करायचा आणि मग कॅमेऱ्यासमोर बसायचं, हा सगळा खर्च वर्तमानपत्र उचलत होतं. २००० नंतरच्या दशकात छापील जाहिराती आटल्या आणि वर्तमानपत्रांनी आधी ज्यांना कमी केलं त्यांत चित्रपटसमीक्षक होते. झाड वाळलं, मग फांदीचं काय घेऊन बसायचं?

पडझडीचे टप्पे झपाट्याने आले. २० फेब्रुवारी १९९९ ला सिस्कल गेले. २००० पासून रिचर्ड रोपर एबर्ट यांच्यासोबत बसू लागले. २००६ मध्ये कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर एबर्ट यांची वाचा गेली. २००७ मध्ये कराराच्या वादात अंगठे कार्यक्रमातून निघाले. २००८ मध्ये डिस्नेने बेन लायन्स आणि बेन मँकिएविच या तरुण जोडीला आणलं; चकचकीत, वेगवान कार्यक्रमाने नवा प्रेक्षक येईल हा हिशेब वर्षभरात फसला. स्कॉट आणि फिलिप्स आले तोवर बऱ्याच केंद्रांनी कार्यक्रमाला अडनिड्या वेळा दिल्या होत्या. ठरलेली वेळ गेली की अशा कार्यक्रमाचा प्रेक्षक शोधूनही सापडत नाही.

एबर्ट यांची कहाणी मात्र उलट्या दिशेने गेली. वाचा गेल्यावर ते ब्लॉगवर आणि ट्विटरवर झपाटल्यासारखे लिहू लागले, आणि आवाज असतानाही नव्हता इतका जिवंत संवाद वाचकांशी करू लागले. टीव्हीने मोठं केलेला माणूस इंटरनेटवर आणखी मोठा झाला. तरीही जानेवारी २०११ मध्ये त्यांनी पुन्हा त्याच डब्ल्यूटीटीडब्ल्यूवर कार्यक्रम उभा केला, क्रिस्टी लेमायर आणि इग्नाती विश्नेवेत्स्की या दोन समीक्षकांना घेऊन. एबर्ट यांचा स्वतःचा मजकूर दुसऱ्यांच्या आवाजात वाचला जाई. बराचसा खर्च एबर्ट दांपत्याने खिशातून केला. पुरेसा पैसा उभा राहिला नाही आणि वर्षाअखेर तोही थांबला. ४ एप्रिल २०१३ ला एबर्ट गेले. लिहून किती काय करता येतं हे त्यांना सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि तरी त्यांना त्या दोन खुर्च्या परत हव्या होत्या.

खुर्च्या आज आहेत, टीव्हीबाहेर. विस्कॉन्सिनच्या ‘रेड लेटर मीडिया’ने इंटरनेटवर २०११ पासून ‘हाफ इन द बॅग’मध्ये दोन माणसांना बोलायला बसवलं. मार्क कर्मोड आणि सायमन मेयो बीबीसीच्या रेडिओवर दोन दशकं भांडले आणि २०२२ मध्ये तेच भांडण पॉडकास्टमध्ये घेऊन गेले. क्लिपेच्या पुराव्याचं काम टोनी झोऊ आणि टेलर रामोस यांनी यूट्यूबवरच्या ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ या व्हिडिओमालिकेत इतकं पुढे नेलं की अर्ध्या तासाच्या टीव्ही कार्यक्रमात ते मावलंच नसतं. अर्थात बंधनं इथेही आहेत. यूट्यूबची स्वामित्वहक्क तपासणारी यंत्रणा क्लिप ओळखून व्हिडिओ अडवते. आपली संकलनाची बरीचशी शैली त्या यंत्रणेला चुकवता चुकवता घडली, असं या जोडीने काम थांबवताना मोकळेपणाने सांगितलं. स्टुडिओने आपणहून क्लिप हातात ठेवण्याच्या दिवसांशी हे ताडून पाहावं.

मग हरवलं काय? न मागता समोर येणं. टीव्हीवर दुसरं काही बघायला बसलेल्या माणसापुढे ‘हूप ड्रीम्स’ येऊन उभा राहत असे. आज त्याच तोडीचं बोलणं शोधणाऱ्याला शंभर ठिकाणी मिळतं, पण आधी शोधायला हवं, आणि शिफारशींची यंत्रणा आपल्याला आधीच आवडलेल्यासारखंच आणून देते.

१९९६ मध्ये ‘ब्रोकन अ‍ॅरो’ची चर्चा चालू होती. सिस्कल यांनी अंगठा वर दाखवला. एबर्ट यांनी आपले आक्षेप सांगितले. सिस्कल यांनी ते ऐकून घेतले, आणि तिथेच, कॅमेरा चालू असताना, आपला अंगठा खाली केला.