४०ची यादी की २६ची? बेसबॉल संघाची हिवाळी बांधणी

नोव्हेंबरात मेजर लीग बेसबॉलची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची, एक बातमी हमखास येते: अमुक संघाने डबल-ए या खालच्या स्तरावरच्या एका विशीतल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) रोस्टरवर, म्हणजे खेळाडूंच्या यादीत, घेतलं. आयपीएल बघणाऱ्याला वाटतं, पोरगं आता खेळणार. प्रत्यक्षात पुढचा मोसम तो बहुधा त्याच डबल-एमध्ये काढतो. कारण संघाची रोस्टर दोन असतात, एक ४० जणांची आणि एक २६ जणांची, आणि बातमी ४०ची असते.

आयपीएलमधले २५ खेळाडू आणि त्यातले अंतिम अकरा, असं या दोन याद्यांचं नातं नाही. २६ जण म्हणजे सामन्याला हजर असलेला पूर्ण संघ, बाकावरच्यांसकट. उरलेले १४ बाकावरही नसतात. काही जण दहा-पंधरा दिवसांच्या दुखापतीच्या यादीत असतात, आणि बाकीचे दुसऱ्याच शहरात, मायनर लीगमधल्या ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालचा स्तर) किंवा त्याखालच्या संघातून खेळत असतात.

२६ची यादी समजायला सोपी. २०१९पर्यंत ती २५ची होती. पिचर जास्तीत जास्त १३, म्हणजे साधारण पाच स्टार्टर (सामना सुरू करणारे) आणि आठ रिलीव्हर (त्यांच्या नंतर येणारे). उरलेल्या १३ जागांपैकी नऊ रोजचे बॅटर, मग बाकावर चारच, आणि त्यातला एक राखीव कॅचर (यष्टिरक्षकासारखा). सप्टेंबरात यादी २८ची होते आणि १४ पिचर चालतात. डॉजर्सच्या ओहतानीसारखा पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा खेळाडू पिचरच्या मर्यादेत धरत नाहीत. डॉजर्सना तो एका जागेत दोन माणसं देतो. ही यादी मार्चअखेर, मोसमाच्या पहिल्या दिवशी जाहीर करायची असते. हिवाळ्यात ती नसतेच. तरी डिसेंबरात ‘आमचा पाचवा स्टार्टर कोण’ यावर लोक रात्री जागवतात. जागवू देत, पण जनरल मॅनेजरच्या टेबलावर त्या वेळी वेगळाच कागद असतो.

तो कागद ४०चा. या यादीत नाव असणं म्हणजे खेळाडू संघाने राखून ठेवलेला आहे, दुसरा संघ त्याला परस्पर नेऊ शकत नाही. लक्झरी टॅक्सचा (पगारखर्च मर्यादेबाहेर गेला की संघाने भरायच्या कराचा) हिशेबही २६वर नाही, ४०वर होतो, आणि त्यात प्रत्येक कराराची वार्षिक सरासरी धरतात. २०२५साठी मर्यादा २४ कोटी १० लाख डॉलर होती.

राखून ठेवण्याची गरज पडते ती रूल ५ ड्राफ्टमुळे (ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडणं). अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेला खेळाडू पाच मोसमांत, आणि एकोणीस किंवा त्यापुढच्या वयात आलेला चार मोसमांत ४०च्या यादीत आला नाही, तर डिसेंबरच्या या ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला एक लाख डॉलर भरून उचलू शकतो. म्हणून २०२१मध्ये कॉलेजातून निवडलेली मुलं आणि २०२०मध्ये थेट हायस्कूलमधून आलेली, दोघांचाही निर्णय २०२४च्या नोव्हेंबरात घ्यावा लागला. उचलणाऱ्यालाही अट आहे: आपल्या ४०मध्ये जागा रिकामी हवी, आणि त्या खेळाडूला पूर्ण मोसम २६मध्येच ठेवायचं, खाली पाठवायचं नाही. जमलं नाही तर आधी त्याला वेव्हरवर ठेवायचं, म्हणजे बाकीच्या संघांना तो घेण्याची संधी द्यायची, आणि तिथे कोणी घेतलं नाही तर मूळ संघाला ५० हजार डॉलरला परत देऊ करायचं. ही अट जड असल्यामुळे सिंगल-एमधला कच्चा बॅटर बहुतेकदा कोणी उचलत नाही आणि चेंडू जोरात टाकणारा रिलीव्हर बहुतेकदा जातो. रिलीव्हरला आठव्या क्रमांकावर लपवता येतं, बॅटरला चार जणांच्या बाकावर लपवता येत नाही. चुकीची किंमत मात्र मोठी असू शकते. ह्यूस्टनने १९९९मध्ये योहान सांतानाला मोकळं सोडलं, तो मिनेसोटाकडे पोचला आणि २००४ व २००६मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. यांकीजचा गॅरेट व्हिटलॉक २०२०च्या ड्राफ्टमधून थेट कट्टर प्रतिस्पर्धी बोस्टनला गेला, हे तर यांकीजच्या चाहत्यांना आणखीच झोंबलं.

आता एका काल्पनिक संघाचा हिशेब मांडू. मोसम संपताना ४० जागा भरलेल्या आणि तीन पिचर ६० दिवसांच्या दुखापतीच्या यादीत. ही यादी ४०बाहेर धरतात, पण हिवाळ्यात ती बंद होते. वर्ल्ड सिरीजनंतर (मोसमाच्या अंतिम मालिकेनंतर) पाच दिवसांत तिघांना परत आत घ्यावं लागतं: ४३. करार संपलेले पाच जण फ्री एजंट (कोणत्याही संघाशी करार करायला मोकळे) झाले: ३८. चार तरुणांना रूल ५पासून वाचवायचं आहे: ४२. बाजारातून दोन खेळाडू आणायचे आहेत: ४४. ड्राफ्टमध्ये स्वतः एक उचलायचा आहे: ४५. म्हणजे पाच जणांना काढायचंय. नवशिके इथे म्हणतात, नॉन-टेंडरच्या दिवशी (पुढच्या वर्षाचा करार द्यायचा की नाही हे ठरवायच्या अखेरच्या दिवशी) महागड्या पाच जणांना करार देऊ नका, मिटलं. तारखा बघा. २०२४मध्ये तरुणांना राखायची मुदत १९ नोव्हेंबर होती आणि नॉन-टेंडरची २२ नोव्हेंबर. ४२ची बेरीज १९लाच जुळवावी लागते, त्यामुळे पाचांतले दोघे तीन दिवस आधीच काढायचे. घाईत काढलेल्या माणसाची ट्रेडमध्ये (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत) किंमत येत नाही, कारण तुमची अडचण समोरच्या २९ संघांना दिसत असते. शहाणे संघ ही विक्री नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकतात.

काढायचं कसं? डीएफए (‘डेझिग्नेट फॉर असाइनमेंट’) केलं की नाव ४०मधून लगेच उतरतं आणि संघाला सात दिवस मिळतात: ट्रेड, वेव्हर किंवा करारातून मोकळं करणं. वेव्हरवर सगळे संघ दावा करू शकतात, गुणतक्त्यात खालच्याला आधी संधी. कोणीच घेतलं नाही तर खेळाडू ४०बाहेर, पण आपल्याच मायनर लीग संघात राहू शकतो. पहिल्यांदाच असं होत असेल आणि मेजर लीगची सेवा तीन वर्षांहून कमी असेल, तर त्याला नकार देता येत नाही.

मायनर लीगमध्ये खाली पाठवणं म्हणजे ‘ऑप्शन’. ते याहून वेगळं, आणि गल्लत सर्वात जास्त इथेच होते. ऑप्शनने खेळाडू २६मधून जातो, ४०मध्ये राहतो. डीएफएने तो दोन्हींतून जातो. प्रत्येकाला साधारणपणे ऑप्शनची तीन वर्षं मिळतात. एका मोसमात एकूण २० दिवस खाली काढले की एक वर्ष खर्च. एका वर्षात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही.

म्हणून २१ वर्षांच्या मुलाला २०२४च्या नोव्हेंबरात ‘वाचवलं’ की घड्याळ सुरू होतं. २०२५, २०२६ आणि २०२७ तो खालीच राहिला तर २०२८मध्ये ऑप्शन संपलेले. चौथं वर्ष काहींना मिळतं, पण त्या भरवशावर योजना आखू नये. तेव्हा तो तयार असो वा नसो, २६मध्ये ठेवा नाहीतर वेव्हरवर सोडा. सारख्याच ताकदीच्या दोन रिलीव्हरपैकी एकाचे दोन ऑप्शन शिल्लक असतील आणि दुसऱ्याचे संपले असतील, तर पहिला निःसंशय जास्त मोलाचा. आकडेवारीच्या पानावर हा फरक दिसत नाही, म्हणून हौशी मंडळींच्या ट्रेडच्या सूचना अनेकदा हास्यास्पद ठरतात.

खेळाडूच्या बाजूनेही दोन्ही याद्या सारख्या नाहीत. मेजर लीगचा किमान पगार, २०२५मध्ये वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर, २६मध्ये किंवा मेजर लीगच्या दुखापत-यादीत असलेल्या दिवसांपुरताच मिळतो. सेवाकाळही त्याच दिवसांचा मोजतात: १७२ दिवस म्हणजे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षं झाली की फ्री एजंट. नुसतं ४०मध्ये राहून ट्रिपल-ए खेळलात तर सेवेत एक दिवसही जमा होत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर सराव शिबिरं उघडतात आणि ६० दिवसांची यादी पुन्हा सुरू होते. कोपराची शस्त्रक्रिया झालेला पिचर तिथे टाकला की ४०मध्ये एक जागा फुकट मिळते. एखाद्या जुन्या खेळाडूशी करार ठरल्याची बातमी जानेवारीत येते आणि संघाची घोषणा मात्र फेब्रुवारीत, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. शिबिरात मायनर लीग करारावर बोलावलेले पंधरा-वीस पाहुणे असतात, त्यांनी ४०मधली जागा अडत नाही. त्यातला एखादा चमकला तर २६मध्ये घेण्यापूर्वी त्याला आधी ४०मध्ये आणावं लागतं, आणि त्याच्यासाठी कोणाला तरी डीएफए करावं लागतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वेव्हरवर जी नावं दिसतात, त्यांत ऑप्शन संपलेले रिलीव्हर बरेच असतात. अशा वेळी ४०मध्ये एक जागा मोकळी ठेवणारा संघ चांगला पिचर एक पैशाचा ट्रेड न करता उचलतो.