वैमानिक-चरित्रवाचन (मराठवाडा)

विमानविद्येच्या आरंभीच्या काळात, म्हणजे साधारण १८९० ते १९४० या पन्नास वर्षांत, उडण्याचे प्रयोग करणाऱ्या आणि विमाने चालवणाऱ्या माणसांची आयुष्ये वाचणे, याला येथे वैमानिक-चरित्रवाचन म्हटले आहे. ऑटो लिलिएन्थाल, विल्बर व ऑर्व्हिल राइट, लुई ब्लेरियो, बेसी कोलमन, अमेलिया इअरहार्ट ही त्यातली नेहमीची परदेशी नावे, भारतीयांपैकी जे. आर. डी. टाटा, अस्पी इंजिनिअर, सरला ठकराल, आणि जरा पुढच्या काळातल्या प्रेम माथुर. ही चरित्रे वाचण्याची पद्धत इतर चरित्रांहून वेगळी असावी लागते. मराठवाड्याच्या संदर्भात तर हे जरा विस्ताराने सांगायला हवे.

पैठणचे एकनाथ, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, जांबेचे रामदास; या मुलखात 'चरित्र' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो संतांच्या संदर्भात. पोथी, कीर्तन, सप्ताह यांतून ऐकलेल्या चरित्रात कसोटीचा क्षण येतो आणि देव धावून येतो. ऐकणारा त्या क्षणाची वाट पाहत असतो, आणि भक्तीच्या वाङ्मयात ते योग्यच आहे. 'विमान' हा शब्दही याच वाटेने घरात आला. भावार्थ रामायण वाचणाऱ्या घरांना पुष्पक ठाऊक होते. तुकोबांना न्यायला आलेले विमान दर बीजेला कीर्तनात उतरते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात इंद्र ढगांमधून खाली येतो. यंत्र पुढे कितीतरी वर्षांनी आले. त्यामुळे राइट बंधूंचे चरित्र हाती घेणारा वाचक नकळत त्यातही साक्षात्काराचे पान शोधतो. ते पान तिथे नसते. तिथे असतात चुकलेले हिशेब आणि त्यांच्या दुरुस्त्या.

राइट बंधूंचेच घ्या. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन गावी त्यांचे सायकलींचे दुकान होते. शाळेची अखेरची पदविका दोघांपैकी कोणाकडेही नव्हती. १८९९ मध्ये एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बर सायकलच्या ट्यूबचा रिकामा खोका हातात घेऊन पिळत होता. लांबट पुठ्ठ्याचा खोका, दोन्ही टोके उघडी. एक टोक एका बाजूला पिळले की दुसरे उलट बाजूला वळते, पण खोका मोडत नाही. विमानाचे पंख असेच पिळले तर एका बाजूची उचल (हवेने पंख वर ढकलण्याचा जोर) वाढेल, दुसरीची कमी होईल आणि कललेले विमान सावरता येईल, हे त्याला तिथे सुचले. त्याच उन्हाळ्यात त्याने पाच फूट रुंदीचा दुमजली पतंग करून चार दोऱ्यांनी तो पिळून पाहिला. संक्रांतीला ज्याने पतंगाची कणी बांधली आहे, त्याला हे पान समजावून सांगावे लागत नाही. कणीचा एक दोरा जरा आखूड पडला तरी पतंग एका अंगाला झुकतो, हे त्याच्या बोटांना माहीत असते.

पण या चरित्राचे खरे मर्म पुढे, १९०१ सालात आहे, आणि नेमकी तीच पाने पुष्कळदा घाईत उलटली जातात. त्या वर्षीच्या घसरविमानाने (इंजिन नसलेल्या विमानाने) हिशेबापेक्षा बरीच कमी उचल दिली. दोघे निराश होऊन घरी परतले. त्यांनी वापरलेले आकडे लिलिएन्थालच्या तक्त्यांतले होते, आणि लिलिएन्थाल म्हणजे या विद्येतला सर्वांत मोठा अधिकार: सुमारे दोन हजार उड्डाणे करून १८९६ मध्ये पडून वारलेला जर्मन अभियंता. त्याच्याबद्दलचा आदर जराही न सोडता त्यांनी आकडे पुन्हा तपासायला घेतले. सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा बसवला आणि आत करवतीच्या पात्यांचा व सायकलच्या स्पोकच्या तारेचा तराजू टांगला. या वातबोगद्यात त्यांनी सुमारे दोनशे छोटे पंख एकामागून एक तपासले. दोष लिलिएन्थालच्या तक्त्यांपेक्षा सगळ्यांनीच गृहीत धरलेल्या एका जुन्या गुणांकात (उचलीच्या हिशेबात गुणायच्या ठराविक आकड्यात) अधिक होता, हे त्यातून कळले. थोरांचा मान राखून त्यांचे आकडे पुन्हा मोजायचे, हा संस्कार आपल्याकडच्या वाचकाला मिळावा, आणि तो या पानांइतका सहज दुसरीकडे मिळणे अवघड, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

इंजिन त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर या मिस्त्रीने सुमारे सहा आठवड्यांत बनवले. शक्ती साधारण १२ अश्वशक्ती. विमानाला पुढे ढकलणाऱ्या पंख्यांपर्यंत ती पोहोचवायला साखळ्या व दातेरी चाके, म्हणजे सायकलचीच युक्ती. सॅम्युएल लँगली या नामवंत शास्त्रज्ञाला अमेरिकी युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले होते. त्याचे विमान १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा ८ डिसेंबरला पोटोमॅक नदीत कोसळले. राइट बंधूंचा एकूण खर्च हजार डॉलरच्या आसपास होता.

अपघातांची पाने टाळू नयेत. १७ सप्टेंबर १९०८ रोजी ऑर्व्हिल चालवत असलेले विमान पडून लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज हा सहप्रवासी दगावला. इंजिनवर चालणाऱ्या विमानाच्या अपघातातला हा पहिला मृत्यू. मराठवाड्यात ही तारीख मुक्तिसंग्राम दिनाची, म्हणून चटकन लक्षात राहते. पंख्याचे एक पाते चिरले, त्याने सुकाणूची तार तोडली, असा कारणांचा माग काढण्यात आला आणि बांधणी बदलली गेली. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उडालेले प्रवासी विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी लादलेल्या ट्रकला घासून कोसळले आणि ५५ माणसे गेली. छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या प्रौढ वाचकांना तो दिवस आठवतो. सेल्फ्रिजबद्दलच्या ओळी हे वाचक वेगळ्या मनाने वाचतात.

भारतीय चरित्रांत सर्वाधिक वाचले जाते ते टाटांचे. १९२९ मध्ये त्यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी इंग्लंड व भारत यांदरम्यान, कोणत्याही दिशेने, एकट्याने उडण्याच्या आगाखान पारितोषिकासाठी ते कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर उलट दिशेने इंग्लंडहून. इजिप्तमधल्या अबुकिर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडला होता. टाटांनी आपल्याजवळचा दिला. पारितोषिक अस्पीने जिंकले, आणि पुढे तो भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादेत विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. कलामांना स्वतःला वायुदलात वैमानिक व्हायचे होते. निवडीत आठ जागा होत्या आणि ते नववे आले. त्या दिवशी शाळेत मुलांच्या हाती ही दोन्ही चरित्रे एकत्र द्यावीत.

स्त्री-वैमानिकांची चरित्रे मराठीत फारच कमी मिळतात, ही मोठी उणीव आहे. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, लाहोरला साडी नेसून जिप्सी मॉथ हे छोटे विमान चालवले. प्रेम माथुर या प्रवासी विमानसेवेतल्या भारताच्या पहिल्या स्त्री-वैमानिक. त्यांना घेतले ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या संस्थानाचा भाग होता, त्याच संस्थानाची ही कंपनी, १९४५ मध्ये टाटांच्या साहाय्याने निघालेली. म्हणजे हे चरित्र आपल्याच घरातले आहे.

मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांच्याविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे. त्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मराठी वाचकाला फार प्रिय आहे. तळपदे नावाचे अभ्यासू गृहस्थ होते आणि त्यांना या विषयाची ओढ होती, यात शंका नाही. उड्डाणाचा मात्र त्या काळातला विश्वासार्ह पुरावा उपलब्ध नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची संहिता विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातली विमाने उडू शकणार नाहीत असे दाखवून दिले. ही कथा मुलांना सांगताना एवढे सांगितलेच पाहिजे. राइट बंधूंची उड्डाणे मानायची ती छायाचित्र, साक्षीदार आणि मोजलेले अंतर यांमुळे. तीच फूटपट्टी तळपद्यांनाही लावावी.

मराठवाड्यात पुस्तके सहज मिळण्याचा इतिहास लहान आहे. निजामी राजवटीत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, सभा-संस्थांवर निर्बंध होते, आणि मराठी वाचनालये चालवणे हेच लोकजागृतीचे काम होते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानंतर अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित ग्रंथालये गावोगावी झाली. त्यांतल्या अनेक 'ड' वर्ग वाचनालयांत आजही एक खोली, दोन-तीन कपाटे आणि वृत्तपत्रांचे टेबल एवढाच संसार असतो. अशा कपाटात वैमानिकाचे चरित्र एखादेच सापडते.

अशा एकाच पुस्तकातूनही पुष्कळ मिळते, जर आकडे जमिनीवर मांडून पाहिले तर. १७ डिसेंबर १९०३ ला अमेरिकेतल्या किटी हॉक गावाजवळच्या वाळूत ऑर्व्हिलने केलेले पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, १२० फुटांचे, म्हणजे साडेछत्तीस मीटर. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब असते. त्याच्या एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकापलीकडे नऊ-दहा मीटर चालले की विमान जिथे टेकले ती जागा येते. जोराचा वारा समोरून होता, म्हणून जमिनीवरून मोजलेला वेग ताशी ११ किलोमीटरच भरला. सायकलवरच्या पोराने त्याला मागे टाकले असते. हे मुलांना मैदानावर चालून दाखवता येते. त्याच दिवशी दुपारी विल्बरने केलेले चौथे उड्डाण ८५२ फुटांचे, ५९ सेकंदांचे. ते मोजायला मात्र शाळेचे मैदान पुरत नाही. टेप घेऊन फाटकाबाहेर, रस्त्यावर यावे लागते.